लोकर, जवस आणि नियमशास्त्रातले पेच

सोलापुरात कापडाची जाण नसलेला माणूस शोधावा लागेल. त्यामुळे इथे बायबलवर वाद निघाला की तो बऱ्याचदा अंगातल्या शर्टावर येऊन थांबतो. ‘दोन जातींच्या सुताचं कापड घालू नका, असं तुमच्याच शास्त्रात लिहिलंय, आणि तुम्ही तर टेरिकॉट घालून चर्चला निघालात!’ उत्तर देणारा ‘ते जुन्या करारातलं, आता लागू नाही’ म्हणून सुटका करून घेतो. समोरचा तयारीचा असेल तर लगेच मत्तय ५:१८ पुढे करतो: आकाश आणि पृथ्वी आहेत तोवर नियमशास्त्रातली काना-मात्राही ढळणार नाही, असं येशूच म्हणतो. मग चहा येतो आणि वाद तिथेच राहतो.

मूळ आज्ञा मात्र दोघांनीही नीट वाचलेली नसते.

लेवीय १९:१९ मध्ये या भेसळीच्या कापडाला ‘शाटनेझ’ असा हिब्रू शब्द आहे. सगळ्या हिब्रू बायबलात हा शब्द दोनदाच येतो. दुसऱ्यांदा, ‘अनुवाद’ या बायबलातल्या पाचव्या पुस्तकात (२२:११), त्याचा अर्थच सांगून टाकला आहे: लोकर आणि लिनन एकत्र. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी नियमांच्या ग्रंथातही तेच आहे. भेसळीची बंदी फक्त लोकर आणि लिनन यांना, इतर कशाला नाही. म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर चालतं, सूत आणि लोकरही चालते. टेरिकॉटवाल्याला अगदी सनातनी यहूदी माणूससुद्धा हरकत घेणार नाही. तो हरकत घेईल ती लोकरीच्या सुटाला, आणि तीही वरून बघून नव्हे, तर कॉलर उसवून. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जो कॅनव्हास घालतात त्यात लिननचा धागा असू शकतो. एकच टाका असेल तर तो जोड धरत नाहीत. दोन टाके पडले की बंदी लागू. लोकरीचा अंगरखा लिननच्या सदऱ्यावर सुटा घातला तर काही अडत नाही.

मराठी वाचकाची इथे आणखी एक अडचण होते. लिननला आपल्या भाषांतरांत कुठे ‘ताग’ तर कुठे ‘सण’ म्हटलेलं असतं. ताग म्हटलं की डोळ्यांपुढे गोणपाट येतं, आणि याजक गोणपाट नेसून मंदिरात कसा गेला असेल असा प्रश्न पडतो. मुळात हा धागा जवसाच्या झाडाच्या दांड्यातून निघतो. आपण ज्याच्या बियांची चटणी भाकरीबरोबर खातो तेच हे जवस.

खरा पेच पुढेच आहे. निर्गम २८:६ मध्ये प्रमुख याजकाचं एफोद, म्हणजे अंगावरचं विधीचं वस्त्र, कसं विणायचं ते दिलंय: सोनं, निळं, जांभळं आणि किरमिजी सूत आणि कातलेलं तलम लिनन. यहूदी परंपरेत ही रंगीत सुतं लोकरीची धरतात. निर्गम ३९:२९ मधला कमरपट्टाही असाच आहे. म्हणजे जे कापड सगळ्यांना मना, तेच याजकाला सक्तीचं. एवढंच नाही, अनुवाद २२:११ मध्ये भेसळीची बंदी आणि लगेच बाराव्या ओवीत पांघरुणाच्या चार कोपऱ्यांना गोंडे लावण्याची आज्ञा. गणना १५:३८ प्रमाणे त्या गोंड्यात निळा दोरा हवा. पांघरूण लिननचं असेल आणि निळा दोरा लोकरीचा, तर बंदी घातलेली भेसळ पुढच्याच ओळीत आज्ञा होऊन बसते.

हे विसंगत आहे का? खाकी वर्दी पोलिसाला सक्तीची असते आणि तीच तुम्ही-आम्ही पोलिसाचं सोंग म्हणून घातली तर गुन्हा होतो. त्याला कोणी कायद्यातला गोंधळ म्हणत नाही. निर्गमच्या तिसाव्या अध्यायातही हेच सूत्र दिसतं. अभिषेकाच्या तेलाचं आणि धुपाचं माप दिलंय, आणि त्याच मापाने घरी स्वतःसाठी बनवलं तर समाजातून काढून टाकण्याची शिक्षा. मला वाटतं भेसळीचं कापडही याच माळेतलं आहे: अपवित्र म्हणून मना नाही, पवित्र जागेसाठी राखून ठेवलंय म्हणून मना. लेवीयात कारण दिलेलं नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण एकदा हे दिसलं की ‘आता लागू नाही’ हे उत्तर किती आळशी होतं ते कळतं.

दोन वचनं एकमेकांवर आदळतात असं वाटलं की मी सुचवेन तो क्रम साधा आहे. एका कागदावर दोन्ही वचनं लिहा, प्रत्येकाच्या मागच्या-पुढच्या दहा-दहा ओव्यांसकट. कोण कोणाला बोलतंय ते वरती लिहा. मग क्रियापदाखाली रेघ मारा आणि दोन्हीकडे मूळ भाषेत एकच शब्द आहे का ते शब्दसूचीत बघा. मग विचारा, की हा सर्वसाधारण नियम आहे की एखाद्या प्रसंगाचा निवाडा. शेवटी बायबलातच पुढे कोणी या दोन ओळी एकत्र वाचल्यात का ते शोधा. हे शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त हाती तिथेच लागतं.

सोपं उदाहरण आधी. लेवीय १८:१६ म्हणतं, भावाच्या बायकोला हात लावू नको. अनुवाद २५:५ म्हणतं, भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशी लग्न कर, नाही केलंस तर ती गावच्या वडीलधाऱ्यांसमोर तुझ्या पायातलं पायतण काढून तोंडावर थुंकेल. पहिला सर्वसाधारण नियम, दुसरा त्यातला नेमका अपवाद, अटी मोजून: भाऊ एकत्र राहत असले पाहिजेत, मूल नसलं पाहिजे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने भावाच्या विधवेशी झालेलं आपलं लग्न मोडायला लेवीयातली ओळ धरली, तर विरोधकांनी अनुवादातली. १५३३ मध्ये ते लग्न रद्द ठरवलं गेलं, पण ओव्यांच्या अर्थापेक्षा तिथे राजाचा वारसच जास्त बोलत होता.

शब्बाथचं प्रकरण जास्त खोल आहे. शनिवारी काम बंद हा नियम मराठी मुलखाला नवा नाही. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा जुंपत नसत. आता मूल शनिवारी जन्मलं तर त्याचा आठवा दिवस पुढचा शनिवारच. लेवीय १२:३ प्रमाणे आठव्या दिवशी सुंता झालीच पाहिजे, आणि शस्त्र चालवणं हे तर काम. दोन्ही आज्ञा एकाच शास्त्रातल्या, आणि एक पाळायची तर दुसरी मोडते. योहान ७:२२-२३ मध्ये येशू याच दुव्यावर बोट ठेवतो: सुंतेसाठी शब्बाथ बाजूला सारता, मग मी सबंध माणूस बरा केला तर रागावता का?

मिश्नात यावर नेमका नियम आहे, रब्बी अकिवांच्या नावाने: जे काम शब्बाथच्या आदल्या दिवशी उरकता येतं ते शब्बाथला मागे सारू शकत नाही, जे येत नाही ते सारू शकतं. म्हणजे सुंता शनिवारी, पण तिच्यासाठीची तयारी शुक्रवारीच. हा नियम डोक्यात ठेवून लूक १३ वाचा. अठरा वर्षं कमरेत वाकलेल्या बाईला येशू शब्बाथला बरं करतो आणि सभास्थानाचा अधिकारी म्हणतो, कामाचे सहा दिवस आहेत ना, तेव्हा या. आपल्या प्रवचनांत या माणसाला दगडाच्या काळजाचा ठरवतात. पण त्याचा मुद्दा कायद्याच्या अंगाने पक्का आहे: अठरा वर्षांचं दुखणं, उद्यापर्यंत थांबलं असतं. येशू त्याला कायदा मोडीत काढून उत्तर देत नाही. तोही दाखलाच देतो: बैलाला शब्बाथला दावणीतून सोडून पाण्यावर नेताच ना? हा दोन जाणकारांमधला वाद आहे. त्याला ‘कायदा विरुद्ध दया’ असं नाव दिलं की त्यातला रस जातो.

आता असं एक उदाहरण, जिथे पेच बायबलच्या लेखकालाच जाणवला होता. निर्गम १२:९ म्हणतं, वल्हांडण सणाचा कोकरा कच्चा किंवा पाण्यात शिजवलेला खाऊ नका, विस्तवावर भाजून खा. अनुवाद १६:७ मध्ये मात्र ‘बाशल’ हे क्रियापद आहे, म्हणजे शिजवणे. निर्गमात जे नको म्हटलंय तेच क्रियापद. बऱ्याच भाषांतरांत इथे सरळ ‘भाजून’ घातलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला खड्डा दिसतच नाही. २ इतिहास ३५:१३ लिहिणाऱ्यापुढे दोन्ही ओळी असाव्यात. योशीया राजाच्या वल्हांडणाचं वर्णन करताना तो लिहितो, त्यांनी वल्हांडण ‘विस्तवावर शिजवलं’, विधीप्रमाणे, आणि इतर पवित्र अर्पणं हंड्या-पातेल्यांत शिजवली. क्रियापद अनुवादातलं, विस्तव निर्गमातला. स्वयंपाकघरात ही वाक्यरचना जरा विचित्र वाटेल, पण दोन्ही शास्त्रवचनांचा मान राखला गेला. निर्गमातही ‘पाण्यात’ असं मुद्दाम जोडलंय, म्हणजे नुसत्या ‘बाशल’चा अर्थ ‘रांधणे’ इतका सैल असू शकतो, हे खरंच. पण इतिहासकाराला ती सांगड घालावीशी वाटली यातच सगळं आलं.

भाषांतर खड्डे बुजवतं तसं काही वेळा नसलेले खणतंही, आणि ते तपासायला सोलापूरसारखं गाव नाही. इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चारही बायबलं सापडू शकतात. मराठीत ‘नियमशास्त्र’ म्हणतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये त्याच जागी ‘धर्मशास्त्र’ असतं. एकात कलमांचा वास येतो, दुसऱ्यात जगण्याच्या रीतीचा. हिब्रू ‘तोरा’ म्हणजे मुळात शिकवण, त्यामुळे तेलुगू घराला जे सहज कळतं ते मराठी घराला समजावून सांगावं लागतं. उर्दूत मत्तय ५:१७ मध्ये ‘तौरेत’ आहे, तर रोमकरांच्या पत्रात ‘शरीअत’. एका ग्रीक शब्दाचे दोन केले. उलट रोम १०:४ मध्ये ख्रिस्त हा नियमशास्त्राचा ‘टेलॉस’ आहे, असं त्या पत्राचा लेखक प्रेषित पौल म्हणतो. या शब्दात शेवटही येतो आणि साध्यही. मराठीत ‘समाप्ती’ म्हटलं की नियमशास्त्र संपलं असंच ऐकू येतं. उर्दूतला ‘अंजाम’ दोन्ही अर्थ बऱ्यापैकी सांभाळतो. या ओवीवर भांडण्याआधी शेजारच्या घरातलं बायबल मागून आणावं.

याच्या उलट प्रकार रोम ३:३१ आणि इफिस २:१५ यांचा. पहिल्यात पौल विचारतो, विश्वासाने आपण नियमशास्त्र निकामी करतो का? मुळीच नाही, उलट ते उभं करतो. दुसऱ्यात म्हटलंय, ख्रिस्ताने आज्ञाविधींचं नियमशास्त्र निकामी केलं. मराठीत दोन्हीकडे वेगळी क्रियापदं असल्याने टक्कर जाणवत नाही. ग्रीकमध्ये मात्र एकच क्रियापद आहे, ‘कातार्गेओ’. एका ठिकाणी ते केलं का याला ठाम नकार, दुसऱ्या ठिकाणी केलं असं विधान. इफिसमध्ये संदर्भ भिंतीचा आहे, यहूदी आणि विदेशी यांना वेगळं ठेवणाऱ्या आडभिंतीचा; तेव्हा निकामी झाली ती विभागणी, असं म्हणता येतं आणि मलाही ते पटतं. तरी ओढाताण पूर्ण जात नाही. इफिसचं पत्र पौलाने स्वतः लिहिलं की त्याच्या शिष्याने, यावर अभ्यासकांत एकमत नाही, त्यातलं एक कारण असल्याच जागा.

इथे बहुतेक प्रवचनकार तीन डबे काढतात: नैतिक नियम, विधींचे नियम, राज्यकारभाराचे नियम. पहिला डबा कायम, दुसरा ख्रिस्तात पूर्ण, तिसरा इस्राएल राष्ट्राबरोबर संपला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ही विभागणी नीट मांडली आणि पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनीही ती उचलली. काम भागवायला ती वाईट नाही. पण लेवीय १९ घ्या आणि ओव्या डब्यांत टाकून बघा. नववी ओवी शेताच्या कडा गरिबासाठी सोडायला सांगते. अठरावी, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. एकोणिसावी, कापडाची भेसळ नको. सत्ताविसावी, दाढीचे कोपरे कातरू नका. बत्तिसावी, पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. डबा बदलल्याची खूण कुठेच नाही, आणि येशूने सर्वांत मोठ्या म्हटलेल्या दोन आज्ञांपैकी दुसरी कापडाच्या आज्ञेला चिकटून आहे. शेताच्या कडा नैतिक की राज्यकारभाराच्या? डबे वाचणाऱ्याचे आहेत, लिहिणाऱ्याचे नाहीत, एवढं मान्य करून वापरावेत.

पौल आणि याकोब यांच्या भांडणावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. गलती २:१६: माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४: केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी. पौलाच्या पत्रात ‘नियमशास्त्राची कर्मं’ असं आहे आणि आजूबाजूला विषय सुंता, एका पंगतीला बसणं, सणवार यांचा. याकोब नुसतं ‘कर्मं’ म्हणतो आणि उदाहरण देतो ते उघड्या आणि उपाशी भावाचं. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, या उत्पत्ती १५:६ चाच दोघेही आधार घेतात. पौलाचा युक्तिवाद वयाच्या हिशोबावर उभा आहे. मुलगा इश्माएल झाला तेव्हा अब्राम (हाच पुढे अब्राहाम) ८६ वर्षांचा होता, सुंता झाली तेव्हा अब्राहाम ९९ चा. पंधराव्या अध्यायातलं वचन या दोन्हींच्या आधीचं, म्हणजे नीतिमान गणला गेला तो निदान तेरा वर्षं बिनसुंतेचाच होता. याकोब तिथून पुढे, इसहाकाला वेदीवर ठेवण्यापर्यंत जातो. इथवर दोघांचं जमतं. पण ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द अख्ख्या नव्या करारात एकदाच एकत्र येतात, आणि तेही ‘नव्हे’ जोडून, याकोबातच. धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ स्वतःच्या पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याची उपमा दिली. मला याकोब कोणाला तरी उत्तर देतोय असंच वाटतं. पौलाला नसेल, तर पौलाची अर्धी ओळ पाठ केलेल्या कोणाला तरी.

आता ताटाकडे. कारण वचनं घरात येऊन अडतात ती इथेच.

प्रेषितांची कृत्ये १५:२९ मध्ये यरुशलेमच्या सभेने विदेशी विश्वासणाऱ्यांवर चार गोष्टींचं बंधन घातलं: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म. याचा साचा लेवीय १७ आणि १८ मध्ये सापडतो, जिथे इस्राएलात राहणाऱ्या परक्यालाही हेच नियम लावलेत. म्हणजे सभेने नियमशास्त्र बाजूला सारून चार नवे नियम केले नाहीत. नियमशास्त्रातच परक्यासाठी काय लिहिलंय ते काढून त्यांच्या हातात दिलं. पण १ करिंथ १०:२५ मध्ये पौल लिहितो, मटण बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. आणि प्रकटीकरण २:१४ आणि २:२० मध्ये मूर्तीला वाहिलेलं खाणाऱ्यांना पुन्हा फटकारलंय. मग खायचं की नाही?

मराठी बायबलात इथे ‘नैवेद्य’ शब्द येतो, आणि आपल्या डोळ्यांपुढे पुरणपोळीचं ताट उभं राहतं. ग्रीक शब्द कापलेल्या बळीचा आहे. जत्रेतल्या बोकडाच्या मटणाला किंवा कंदुरीला जवळचा. पौलाचा मजकूर सावकाश वाचला तर तो तीन जागा वेगळ्या करतो. देवळाच्या पंगतीत बसून खाणं: नाही, १०:२१ मध्ये स्पष्ट. बाजारातून विकत आणलेलं: खा, विचारू नका. कोणी घरी जेवायला बोलावलं: वाढतील ते खा, पण कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही तुमच्या नव्हे, सांगणाऱ्याच्या मनासाठी. प्रकटीकरणातली तंबी पहिल्या जागेला सहज लागते, कारण तिथे इस्राएलाला वाकड्या वाटेला लावणाऱ्या बलामाचं नाव घेतलंय आणि बलामाची गोष्ट गणना २५ मधल्या मवाबी देवांच्या पंगतीची आहे. म्हणून आपल्याकडे ‘प्रसाद घ्यायचा का’ या प्रश्नाला एका शब्दात हो-नाही म्हणणारा माणूस तीनपैकी दोन जागा विसरलेला असतो. शेजारणीने सणाचं ताट आणून दिलं तर ती तिसरी जागा, आणि तिथे पौलाचं सगळं लक्ष समोरच्या माणसावर आहे.

रक्ताचं तेवढं सुटत नाही. मटणाच्या दुकानात मिळणारी रक्ती खायची की नाही, यावर कृत्ये १५ अगदी सरळ आहे आणि पौल त्यावर अवाक्षर काढत नाही. हे पत्र अंत्युखिया, सूरिया आणि किलिकिया इथल्या मंडळ्यांना होतं, करिंथला नव्हतं, असं सांगतात. पण कृत्ये १६:४ मध्ये पौल तेच ठराव पुढच्या गावांनाही पोचवतो. जुन्या हस्तलिखितांतही इथे हात फिरलेला दिसतो. कोडेक्स बेझे या हस्तलिखितात ‘गुदमरून मारलेलं’ गाळून त्याऐवजी, स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नका, असं घातलंय; म्हणजे खाण्याचे नियम वळवून वागण्याचे केले. रक्ती न खाणाऱ्या ख्रिस्ती घरांना मागासलेलं म्हणणाऱ्यांनी ही ओवी एकदा उघडावी. त्यांच्या बाजूला मजकूर भक्कम आहे.

जनावराचं रक्त सोडाच, मेलेल्या जनावराबद्दलही एकवाक्यता नाही. अनुवाद १४:२१ म्हणतं, आपोआप मेलेलं जनावर तू खाऊ नको, तुझ्या गावातल्या उपऱ्याला दे, तो खाईल. लेवीय १७:१५ म्हणतं, देशातला असो की उपरा, ते खाणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध, त्याने कपडे धुवावेत. एकाच्या लेखी उपरा नियमाबाहेर, दुसऱ्याच्या लेखी आत. इथे शब्द तोच आहे, प्रसंग तोच आहे. मला ही गाठ सुटलेली दिसत नाही.

उपऱ्याचा विषय निघाला म्हणून रूथ, बायबलातल्या रूथ या पुस्तकाची नायिका. अनुवाद २३:३ म्हणतं, मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशाचा, माणूस परमेश्वराच्या मंडळीत येता कामा नये, दहाव्या पिढीपर्यंत. नहेम्या १३ मध्ये हीच ओळ लोकांपुढे वाचली जाते आणि मिश्र लोकांना वेगळं काढलं जातं. आणि रूथ मवाबी आहे. पुस्तक हे पुन्हा पुन्हा सांगतं. तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. दहा पिढ्या दूरच राहिल्या, तिचा पणतू राजा होतो. यहूदी परंपरेने याचा निकाल व्याकरणावर लावला: अनुवादात ‘मवाबी’ पुल्लिंगी आहे, तेव्हा बंदी पुरुषांना, बायकांना पहिल्या दिवसापासून मोकळीक. मराठीत ‘मवाबी’ दोन्हीकडे सारखंच वाचलं जातं, त्यामुळे ही पळवाट आपल्याला दिसतही नाही.

पण रूथचं पुस्तक अनुवादातलीच दुसरी ओळ जगून दाखवतं. २४:१९ म्हणतं, शेतात पेंढी विसरलास तर मागे फिरू नको. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. रूथ परकी आणि विधवा दोन्ही आहे. ज्वारीच्या सुगीत सरवा वेचणं आपल्या भागाला सांगायला नको. तिथे ते सातूचं पीक होतं. एका दिवसाचा सरवा झोडल्यावर तिच्याकडे एफाभर सातू निघाले, म्हणजे सुमारे २२ लिटरचं माप. सरव्याने इतकं निघत नाही. शेताचा मालक बवाज, त्याने कापणाऱ्यांना मुद्दाम ओंब्या पाडत जायला सांगितलं होतं. तेविसाव्या अध्यायाने वेशीवर अडवलेली बाई चोविसाव्या अध्यायाच्या शेतात उभी होती, आणि शेताचा मालक अनुवाद तेवढंच मागतं त्याच्यापेक्षा जास्त टाकत चालला होता.